जपानांतील चहाचें चूर्ण

चहाची पत्ती उकळावी, अर्क गाळून घ्यावा आणि चोथा टाकून द्यावा, ही रीत बहुतेक जगास परिचित आहे. जपानांत मात्र आठशें वर्षांपासून एक निराळी रीत चालत आली आहे. तींत पान टाकून दिलें जात नाहीं. तें दगडी जात्यावर दळून त्याचें वस्त्रगाळ चूर्ण करतात, ऊन पाण्यांत बांबूच्या लहानशा रवीनें घुसळतात आणि पानासकट सर्व पिऊन टाकतात. या चूर्णास माच्चा असें नांव आहे. हल्लीं तें जगभर आरोग्यवर्धक म्हणून विकलें जातें. परंतु ही कीर्ति नवी नाहीं. जपानांत तें प्रथम नांवाजलें गेलें तेंच मुळीं औषध म्हणून.

चूर्ण घुसळण्याची ही रीत मूळची चीनमधील. सुंग राजवटींत ती भरास आली होती व सम्राट हुइत्सुंग यानें तर या विषयावर स्वतः ग्रंथ लिहिला. पुढें १३९१ मध्यें मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटानें चहाच्या वड्यांची खंडणी बंद केली, सुट्या पानांचा चहा रूढ झाला आणि चूर्णाची रीत चीनमध्यें मागें पडली. तोंपर्यंत ती समुद्रापलीकडे रुजली होती. एइसाइ हा जपानी भिक्षु चीनमध्यें झेन पंथाचें अध्ययन करून ११९१ मध्यें स्वदेशीं परतला. चहाचें बीं त्यानें बरोबर आणलें, असें परंपरा सांगते. १२११ मध्यें त्यानें चहापान व आयुष्यरक्षण यांवर एक ग्रंथ लिहिला. शरीरांतील पांच अवयवांस पांच रस आवश्यक आहेत, हृदयास कडू रस हवा, आणि जपानी आहारांत नेमका तोच नाहीं, म्हणून चहा घ्यावा, असा त्याचा युक्तिवाद होता. १२१४ मध्यें शोगुन सानेतोमो हा आदल्या रात्रींच्या मद्यपानानें अस्वस्थ झाला असतां एइसाइनें त्यास चहा पाजला व सोबत हा ग्रंथहि अर्पण केला, अशी नोंद ‘आझुमा कागामी’ या बखरींत आहे.

या वैद्यकाची परीक्षा विसाव्या शतकांत झाली. चहास कडू-तुरट करणारें कॅटेचिन हें द्रव्य त्सुजिमुरा मिचियो या विदुषीनें १९२९ मध्यें हिरव्या चहांतून वेगळें काढलें. १९४९ मध्यें थिआनिन हें द्रव्य सांपडलें. माच्चासाठीं चहाचे मळे तोडणीपूर्वीं सुमारें तीन आठवडे झांकून ठेवतात. उन्हाच्या अभावीं थिआनिन पानांत टिकून राहतें, कॅटेचिन कमी बनतें, आणि पान गर्द हिरवें व चवीस मधुर होतें. दोन ग्रॅम चूर्णांत सुमारें साठ मिलिग्रॅम कॅफीन असतें. ध्यानास बसलेल्या भिक्षूंची झोंप कां उडत असे, याचा उलगडा त्यानें होतो. परंतु चहानें मोठे रोग बरे होतात, असें सिद्ध झालेलें नाहीं. उलट जेवणाबरोबर घेतल्यास अन्नांतील लोह अंगीं लागण्यास तो अडथळा करतो. एकंदरींत एइसाइचें औषध सौम्य पेय म्हणून गुणकारी आहे; संजीवनी नव्हे.

औषधाचें व्यसन होण्यास मात्र वेळ लागला नाहीं. चौदाव्या शतकांत सरदारांच्या वाड्यांत चहा ओळखण्याच्या पैजा लागूं लागल्या. तोगानोओ येथील अस्सल चहा कोणता आणि इतर मळ्यांतील कोणता, हें चवीवरून सांगावयाचें व त्यावर मोठमोठे पण लावावयाचे. हा जुगार इतका माजला कीं १३३६ च्या केम्मु नियमावलींत त्याचा निषेध करावा लागला.

या विलासास उत्तर दिलें तें मुराता जुको यानें, आणि तें पूर्णत्वास नेलें साकाई येथील सेन नो रिक्यू यानें. रिक्यूची चहाची खोली दोन चटयांएवढी असे. दार इतकें ठेंगणें कीं उमरावासहि गुडघ्यांवर रांगत आंत यावें लागे, आणि तलवार बाहेर ठेवावी लागे. आंत उकळत्या किटलीचा मंद आवाज, हातानें घडविलेला साधा काळा वाडगा, आधीं एखादा गोड घांस आणि मग हिरव्या फेसाचा कडू घोट; आनंदाची सारी सामग्री एवढीच.

परंतु रिक्यूचा धनी होता हिदेयोशी, सर्व जपान अंकित करणारा सेनापति. त्यानें चहासाठीं सोन्यानें मढविलेली खोली करविली होती. १५८७ मध्यें त्यानें कितानो येथें चहाचा मोठा मेळा भरविला व शेतकऱ्यासहि आमंत्रण दिलें. किटली व वाडगा आणावा, चहा नसेल तर भाजलेल्या धान्याचें पीठ चालेल, अशी दवंडी होती. दहा दिवसांचा तो मेळा एका दिवसांतच आटोपला. १५९१ मध्यें त्याच हिदेयोशीनें सत्तरीच्या घरांतील रिक्यूस पोट चिरून प्राण देण्याची आज्ञा केली. दायतोकुजी मठाच्या वेशीवर रिक्यूची लांकडी मूर्ति बसविली गेली होती. वेशीखालून जाणारा हिदेयोशी तिच्या पायांखालून जाई, हें निमित्त सांगतात. खऱ्या कारणाविषयीं इतिहासकारांत आजहि एकमत नाहीं. रिक्यूनें शेवटचा चहा केला आणि आज्ञा पाळली.

हिदेयोशीचें घराणें १६१५ मध्यें ओसाकाच्या किल्ल्याबरोबर जळून गेलें. रिक्यूच्या पणतूंनीं स्थापिलेलीं तीन घराणीं मात्र क्योतो शहरांत आजतागायत चहा करावयास शिकवीत आहेत.