आपल्या मुक्कामांचे दप्तर

स्वारी कोठे मुक्कामास आहे याची नोंद पेशवाईतील पत्रव्यवहारात कसोशीने होत असे. परंतु ती सरकारस्वाऱ्यांची आणि लष्कराची. सामान्य मनुष्याच्या पावलोपावली होणाऱ्या संचाराचे दप्तर भ्रमणध्वनीबरोबरच जन्मास आले, आणि ते साठू लागले कंपन्यांच्या कोठारात.

ज्याचा संचार त्यानेच त्या दप्तराची नक्कल मागावी, हे प्रकरण जर्मनीत गाजले. तेथे 2008 पासून अमलात आलेल्या कायद्यान्वये कंपन्यांना ग्राहकांच्या दळणवळणाच्या नोंदी सहा महिने जतन करणे भाग होते. ग्रीन पक्षाचे पदाधिकारी माल्टे श्पिट्झ यांनी डॉयचे टेलिकॉमवर दावा गुदरला, आणि तडजोडीअंती ऑगस्ट 2009 ते फेब्रुवारी 2010 या मुदतीचा, 35 हजारांहून अधिक ओळींचा तक्ता त्यांच्या हाती आला. कोणत्या घटकेस यंत्र कोणत्या मनोऱ्याच्या टापूत होते हे त्यात होते. पण आकड्यांच्या त्या रुक्ष रानातून कोणास काय उमगावे? 2011 मध्ये ‘त्साइट ऑनलाइन’ या वृत्तस्थळाने तो तक्ता नकाशावर चढविला, त्यास श्पिट्झ यांच्याच जाहीर लेखनाची जोड दिली, आणि कळ दाबताच एक ठिपका जर्मनीभर मजल दरमजल करू लागला, तेव्हा कायद्याचा खरा अर्थ लोकांच्या डोळ्यांना दिसला. तो कायदा घटनात्मक न्यायालयाने 2 मार्च 2010 रोजीच रद्दबातल ठरविला होता, तरी या चित्राचे मोल मला निकालपत्राइतकेच वाटते.

मनोऱ्याची साक्ष मोघम असते, उपग्रहाची नेमकी. अमेरिकेने जीपीएसमध्ये हेतुपुरस्सर ठेवलेली चूक मे 2000 मध्ये काढून टाकली, आणि स्वतःचा माग स्वतः काढणे सामान्यांच्या आवाक्यात आले. आज ओनट्रॅक्ससारखी मुक्त प्रणाली अक्षांश, रेखांश, वेळ आणि अचूकतेची त्रिज्या अशी ओळ थेट घरच्या संगणकाकडे रवाना करते. वर्षभराच्या ओळी नकाशावर मांडल्या की नित्याचा रस्ता गडद उमटतो आणि एखाद्या यात्रेची वाट बारीक रेघेसारखी दूरवर जाते.

हे स्वामित्व मात्र दक्षता मागते. संगणकाची चकती निकामी झाली आणि दुसरी प्रत नसली, तर सारे मुक्काम पुसले जातात. आणि नोंदी घरात असूनही नकाशाचे तुकडे परक्या सर्व्हरवरून मागविले, तर आपण कोणता मुलूख न्याहाळीत आहोत याची वर्दी तेथे पोहोचतेच. म्हणून जाणकार आपल्या प्रांताचा नकाशाही ओपनस्ट्रीटमॅपवरून उतरवून घरीच ठेवतात.