मिश्रण आणि संयुग : एका व्याख्येचा इतिहास

मिश्रण व संयुग यांतील भेद आज शालेय पाठ्यपुस्तकातच सांगितला जातो. परंतु तो निश्चित होण्यास दीर्घ वाद व्हावा लागला. स्पेनमध्ये अध्यापन करणाऱ्या जोझेफ प्रूस्त या फ्रेंच रसायनज्ञाने १७९९ मध्ये दाखविले की, खनिजरूप ताम्र-कार्बोनेट व प्रयोगशाळेत सिद्ध केलेले ताम्र-कार्बोनेट यांतील घटकांचे प्रमाण एकच असते. बेर्तोलेस हे मान्य नव्हते. १८०३ च्या ग्रंथात त्याने संयुगातील प्रमाण परिस्थितीनुसार बदलते असे प्रतिपादिले आणि द्रावणे, मिश्रधातू व ऑक्साइडे पुराव्यादाखल पुढे केली. प्रूस्तच्या मते ही ऑक्साइडे निश्चित प्रमाणाच्या दोन ऑक्साइडांची मिश्रणे होत. मात्र बदलत्या प्रमाणाच्या प्रत्येक पदार्थास मिश्रण म्हटले, तर नियम केवळ व्याख्येनेच सिद्ध होतो. म्हणून कथिलाची दोन भिन्न ऑक्साइडे त्याने विश्लेषणाने निश्चित केली, यास महत्त्व आहे. डाल्टनच्या १८०८ मधील ग्रंथातील अणुवादाने या नियमास कारण मिळाले. तथापि बेर्तोलेचा पक्ष सर्वस्वी निराधार ठरला नाही. वूस्टाइट या ऑक्साइडात लोहाचे प्रमाण खरोखरीच बदलते. अशा संयुगांना विसाव्या शतकात कुर्नाकोव्ह या रशियन रसायनज्ञाने बेर्तोलेचेच नाव दिले. निश्चित प्रमाण हे संयुगाचे सामान्य लक्षण होय. ती त्याची अंतिम व्याख्या नव्हे.