भारनियमन ते सौर छत: कळवा परिसराचा ऊर्जा-इतिहास

महाराष्ट्राच्या विजेच्या इतिहासात कळवा हे नाव दोन वेगळ्या संदर्भांत येते. राज्यातील विजेची मागणी आणि पुरवठा यांचा क्षणोक्षणी मेळ घालणारे राज्य भार प्रेषण केंद्र ठाणे–बेलापूर रस्त्यावर ऐरोलीत असूनही कळव्याच्याच नावाने ओळखले जाते आणि त्याच परिसरातील 400 केव्ही उपकेंद्रावर मुंबई–ठाण्याचा मोठा पुरवठा अवलंबून आहे. दुसरीकडे, कळवा–मुंब्रा हा पट्टा शेजारची शहरे भारनियमनातून सुटल्यानंतरही दीर्घकाळ वीजकपात सोसत राहिला. घरगुती वीजटंचाईवर उपाय म्हणून अपारंपरिक ऊर्जेने येथे जी वाटचाल केली, ती समजून घेताना ही टंचाई निर्मितीइतकीच वाटपाचीही होती, हे ध्यानात ठेवावे लागते.

या प्रदेशातील मोठ्या प्रमाणावरील पहिली वीज पाण्यापासून आली. सह्याद्रीच्या माथ्यावर अडवलेले पावसाचे पाणी घाटाखाली सोडून टाटा समूहाने 1915 मध्ये खोपोली येथे, 1922 मध्ये भिवपुरी येथे आणि 1927 मध्ये भिरा येथे जलविद्युत केंद्रे सुरू केली. परंतु ही वीज मुख्यतः मुंबईच्या गिरण्यांसाठी आणि रेल्वेसाठी होती. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने ठाकुर्लीजवळ चोळा येथे कोळशावर चालणारे स्वतःचे वीजघर उभारले, तेही गाड्या ओढण्यासाठीच. घराघरांत वीज पोहोचवण्याचे व्यापक काम 1960 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या काळात झाले.

जून 2005 मध्ये या मंडळाचे विभाजन होऊन वितरणाची जबाबदारी महावितरणकडे आली, तेव्हा राज्य तीव्र तुटवड्यात होते. दाभोळचा वीजनिर्मिती प्रकल्प 2001 पासून बंद होता, मागणी वाढत होती आणि पुढील काही वर्षांत ऐन मागणीच्या वेळची तूट चार हजार मेगावॅटच्या पुढे गेली. ही तूट वाटून देण्यासाठी फीडरांची, म्हणजे उपकेंद्रातून एखाद्या वस्तीला वीज नेणाऱ्या वाहिन्यांची, वितरण व वाणिज्यिक हानीनुसार प्रतवारी करण्यात आली. जेथे गळती, चोरी आणि थकबाकी अधिक, तेथे कपात अधिक, असे हे सूत्र होते. त्याने वसुलीला शिस्त लावली हे खरे. परंतु वीज फीडरवर तोडली जाते आणि बिल घरागणिक भरले जाते, त्यामुळे कळवा–मुंब्र्यातील नियमित बिल भरणाऱ्या कुटुंबालाही शेजाऱ्याच्या थकबाकीची शिक्षा भोगावी लागली, हा या सूत्रातील अन्याय होता. मार्च 2020 पासून शीळ–मुंब्रा–कळवा या भागाचे वितरण टोरंट पॉवर या कंपनीकडे फ्रँचायझी तत्त्वावर सोपवण्यात आले, त्यामागेही हानीचाच प्रश्न होता.

कुटुंबांनी या काळात पहिला आधार शोधला तो इन्व्हर्टरचा. परंतु इन्व्हर्टर वीज निर्माण करत नाही. तो वीज असताना बॅटरी भरून ठेवतो आणि या साठवणीत काही वीज वाया जात असल्याने एकूण मागणीत भरच घालतो. सौर बंबाचे तसे नव्हते. गच्चीवरील काचनळ्यांत किंवा काळ्या पत्र्याच्या संग्राहकात तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वरच्या टाकीत चढते आणि आच्छादित टाकीत रात्रभर गरम राहते. त्यामुळे सकाळी, राज्याची मागणी चढत असतानाच, घरोघरचे दोन-दोन किलोवॅटचे गीझर लावावे लागत नाहीत. ठाणे आणि कल्याण–डोंबिवली महापालिकांनी नव्या इमारतींना परवानगी देताना असे बंब बंधनकारक केले, ही या परिसरातील दूरदृष्टीची घटना होय. केंद्र सरकारच्या सौर शहर कार्यक्रमातही या दोन्ही शहरांची निवड झाली. पारंपरिक ऊर्जेची अपेक्षित मागणी पाच वर्षांत किमान दहा टक्क्यांनी घटवणे हे त्याचे उद्दिष्ट होते. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात ठाणे महापालिकेने सूर्याच्या उष्णतेवर चालणारी वातानुकूलन यंत्रणा बसवली. आरशांच्या तबकड्यांनी एकवटलेल्या उन्हाने वाफ तयार करायची आणि विजेच्या कॉम्प्रेसरऐवजी त्या उष्णतेवर शोषण पद्धतीचे शीतयंत्र चालवायचे, असे तिचे तत्त्व होते.

छतावरील सौर विजेला खरी चालना मिळाली ती 2015 च्या नेट मीटरिंग विनियमांनी. ग्राहकाने ग्रीडला दिलेली वीज त्याने घेतलेल्या विजेतून वजा करण्याच्या या पद्धतीमुळे बॅटरीचा खर्च टळला. 2024 च्या पीएम सूर्यघर योजनेने तीन किलोवॅटच्या घरगुती संचाला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान दिले. मात्र बॅटरीविना ग्रीडला जोडलेला असा संच पुरवठा खंडित होताच आपोआप बंद पडतो, कारण त्याची वीज वाहिनीत शिरली तर दुरुस्ती करणाऱ्या वायरमनच्या जिवाला धोका होतो. 12 ऑक्टोबर 2020 रोजी कळवा–पडघा वाहिन्यांतील बिघाडानंतर मुंबई–ठाण्याचा पुरवठा कोसळला, त्या दिवशी लख्ख उन्हातही असे छत घराच्या कामी आले नसते. सौर छत बिल कमी करते आणि राज्याची दिवसाची तूट भरून काढते. घरातील अंधार दूर करायचा तर त्याला साठवणीची आणि सुस्थितीतील वाहिन्यांची जोड लागते.

याहून अवघड प्रश्न छताच्या मालकीचा आहे. एका किलोवॅटच्या संचाला सुमारे दहा चौरस मीटर मोकळी, सावली नसलेली जागा लागते आणि त्यातून दिवसाला सरासरी चार युनिटे मिळतात. नोंदणीकृत गृहनिर्माण सोसायटीला ही जागा आणि अनुदान दोन्ही मिळू शकते. पारसिकच्या डोंगरउतारावरील चाळींना किंवा जागेची कागदपत्रे नसलेल्या इमारतींना ते मिळणे कठीण असते, आणि भारनियमनाची झळ सर्वाधिक याच घरांनी सोसली आहे. फीडरच्या प्रतवारीने सामूहिक शिक्षा दिली. सौर ऊर्जेने आता सामूहिक लाभ द्यायला हवा. शाळा, रुग्णालये आणि महापालिकेच्या इमारतींच्या छतांवरील वीज आसपासच्या अनेक मीटरांच्या बिलांत वाटून देण्याची व्यवस्था येथे उभी राहिली, तरच वीजटंचाईवरचा हा उपाय ज्यांनी ती टंचाई भोगली त्यांच्यापर्यंत पोहोचेल.