शिकारीची जीप आणि दिव्याचा झोत

कांदिवली स्टेशनच्या पूर्वेला उतरून आकुर्ली रस्त्याने महामार्गाकडे निघाले की महिंद्र कंपनीचा कारखाना लागतो. वस्ती आणि उंच इमारती मागे टाकून अजून पूर्वेला नजर टाकली की बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर दिसतात. एका बाजूला जीप बनवणाऱ्यांचे घर, दुसऱ्या बाजूला बिबट्याचे. या दोन शेजाऱ्यांच्या नात्याचा इतिहास फारसा सुखाचा नाही. पण वर्गात सांगण्याजोगा मात्र आहे, कारण त्यात यंत्र आहे, प्रकाश आहे, डोळ्याची रचना आहे आणि शेवटी कायदाही आहे.

आजकाल 'पहिली गाडी' म्हणून पिकअप किंवा जीपसारखी गाडी घेऊन तिच्यावर दिवे, दोरखंड, पाण्याचे कॅन चढवण्याची हौस मुंबईच्या उपनगरांतही दिसते. गाडीवर काय काय चढवले आहे ते पाहिले की मालकाचा बेत कळतो. जीपच्या बाबतीत हे पहिल्यापासून खरे आहे.

लढाईसाठी सजलेली गाडी

जीप जन्माला आली ती सैन्यासाठी. १९४०च्या जुलै महिन्यात अमेरिकी सैन्याने हलक्या, चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीची मागणी कारखानदारांपुढे ठेवली. बँटम नावाच्या छोट्या कंपनीने ४९ दिवसांत पहिला नमुना हजर केला. पुढे मोठ्या संख्येने गाड्या बनवण्याचे काम विलिस आणि फोर्ड यांच्याकडे गेले आणि महायुद्ध संपेपर्यंत अशा सुमारे साडेसहा लाख गाड्या तयार झाल्या.

या गाडीची सजावट बारकाईने पाहण्यासारखी आहे. पुढची काच बिजागरीवर बसवलेली होती. ती बोनेटवर आडवी पाडता येई आणि समोर गोळी झाडायला अडथळा राहत नसे. दरवाजे नव्हतेच. डोक्यावर कापडी टप. कुशीला फावडे आणि कुऱ्हाड पट्ट्यांनी बांधलेली. मागे स्टेपनी आणि इंधनाचा कॅन. पुढचे दिवे उलटे फिरवून त्यांचा उजेड इंजिनावर पाडता येई, म्हणजे रात्री दुरुस्तीला वेगळा दिवा नको.

तो इंधनाचा कॅन म्हणजे 'जेरीकॅन'. मूळ रचना जर्मन सैन्याची. इंग्रज सैनिक जर्मनांना 'जेरी' म्हणत, म्हणून हे नाव. त्यात सुमारे २० लिटर इंधन मावते. वर एकाऐवजी तीन मुठी का, हे मुलांना विचारून पाहावे. मधली मूठ धरून एका माणसाला एकटा कॅन नेता येतो. कडेच्या मुठी धरून दोघांना एक भरलेला कॅन उचलता येतो. आणि रिकामे कॅन असतील तर शेजारशेजारच्या दोन मुठी एकाच हातात धरून एक माणूस चार कॅन नेऊ शकतो. साधी वस्तू, पण तिच्यामागे केवढा विचार!

चारही चाकांना ताकद म्हणजे काय, हेही पाहू. साध्या गाडीत इंजिनाची ताकद दोनच चाकांना मिळते. त्या दोन चाकांना जोडणाऱ्या 'डिफरन्शिअल'ची एक खोड असते : एक चाक चिखलात घसरून फिरू लागले की दुसऱ्या चाकालाही तेवढाच तोकडा जोर मिळतो आणि गाडी जागच्या जागी रुतते. जीपमध्ये गरज पडेल तेव्हा पुढच्या चाकांनाही ताकद जोडता येते. शिवाय एक जादा गिअरपेटी असते. ती लावली की चाके सुमारे निम्म्या वेगाने फिरतात, पण जोर जवळजवळ दुप्पट होतो. ओढे, चढ, भाताची खाचरे जीपने पार केली ती या जोरावर.

मुंबईत जीप आली

युद्ध संपल्यावर सैन्याच्या अनेक जीप 'डिस्पोजल'च्या मालात विकल्या गेल्या. १९४५मध्ये स्थापन झालेली 'महिंद्र अँड मोहम्मद' ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी होती. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. विलिसच्या जीपचे सुटे भाग आणून त्या जोडण्याचे काम कंपनीने १९४९मध्ये मुंबईत माझगावला केले. पुढे कांदिवलीच्या कारखान्यात जीप तयार होऊ लागल्या.

त्या जीपचा उपयोग कशासाठी झाला? धरणांची मोजणी, देवीची लस, शेतीखाते, पोलीस, निवडणुकीचा प्रचार. ग्रामीण महाराष्ट्रात 'साहेब आले' याची खूण म्हणजे जीपची धूळ. आणि याच जीपने रानात शिकारही नेली.

मोटारीतून शिकार ही कल्पना जीपच्या आधीची. कोटा संस्थानचे महाराज उमेदसिंह यांनी १९२५मध्ये रोल्स-रॉइस गाडी खास शिकारीसाठी सजवून घेतली होती. तिच्यावर सर्चलाइट होते, बंदुकांसाठी जागा होती. पण अशी गाडी एखाद्या महाराजांनाच परवडणार. जीपने तीच सोय कंत्राटदार, जमीनदार, अधिकारी आणि शहरातल्या हौशी मंडळींच्या हाती दिली. काच आडवी पाडायची, मागे एकाने उभे राहायचे, त्याच्या हातात बॅटरीला जोडलेला दिवा, दुसऱ्याच्या हातात बंदूक. सैन्यासाठी केलेली सजावट जशीच्या तशी कामी आली. भर फक्त एका दिव्याची.

दिव्यापुढे जनावर थांबते कसे?

हरणाच्या, बिबट्याच्या, गाईम्हशींच्या डोळ्यांत पडद्याच्या मागे चकचकीत थर असतो. डोळ्यात शिरलेला प्रकाश पडद्यातून एकदा जातो, या थरावर आपटून परत फिरतो आणि पडद्यातून दुसऱ्यांदा जातो. थोड्याशा उजेडात दुप्पट संधी! म्हणून या प्राण्यांना चांदण्यात आपल्यापेक्षा चांगले दिसते. परत फिरलेल्या प्रकाशापैकी काही भाग डोळ्याबाहेर येतो, तीच ती अंधारात चमकणारी दोन टिकल्यांची जोडी. माणसाच्या आणि माकडांच्या डोळ्यांत हा थर नसतो. रानडुकराच्या डोळ्यांतही नसतो.

रात्रीसाठी घडलेल्या अशा डोळ्यावर एकदम प्रखर झोत पडला तर तो दिपतो. अंधाराला सरावलेला डोळा पुन्हा पूर्ण सरावायला वेळ घेतो. आपल्याला त्यासाठी २०-३० मिनिटे लागतात. झोताच्या मागे काय आहे ते जनावराला दिसत नाही, कुठे पळावे ते कळत नाही, आणि ते क्षणभर जागीच उभे राहते. बंदूकवाल्याला तेवढा क्षण पुरतो. ज्या रचनेने हरणाला हजारो वर्षे रात्री वाचवले, तीच दिव्यापुढे त्याच्यावर उलटली.

आता थोडे गणित. मचाणावर बसलेला शिकारी एका रात्रीत एकच पाणवठा राखतो. तोच जीपमधून ताशी १५ किलोमीटर वेगाने ४ तास हिंडला तर ६० किलोमीटर जातो. झोत दोन्ही बाजूंना १०० मीटर पोचतो असे धरू. म्हणजे ६० किलोमीटर लांब आणि ०.२ किलोमीटर रुंद पट्टा, १२ चौरस किलोमीटर. बोरिवलीचे उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे. कागदावर तरी ते नऊ रात्रींत धुंडाळून होते! प्रत्यक्षात झाडी झोत अडवते, वाटा मोजक्याच असतात, त्यामुळे आकडा कमी भरेल. पण मुद्दा लक्षात यावा. रानाला आजवर तीन कुंपणे होती : अंतर, अंधार आणि माणसाचा थकवा. जीप आणि दिवा यांनी तिन्ही एकदम मोडली.

एका रात्रीची हकिकत

याचा सर्वांत कडू दाखला मुंबईतूनच छापला गेला. १९४७मध्ये आजच्या छत्तीसगडमधील कोरिया संस्थानचे राजे रामानुज प्रतापसिंह देव रात्री मोटारीतून जात असताना उजेडात तीन चित्ते एकत्र बसलेले दिसले. तिघेही नर, बहुधा एकाच वेताचे. राजांनी तिघांनाही मारले. ही हकिकत आणि छायाचित्र संस्थानकडून 'बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी'च्या नियतकालिकाकडे आले. संपादक इतके संतापले की कागद टोपलीत टाकावेत असे त्यांना वाटले. पण निषेधाच्या टिपणीसह त्यांनी ते छापले. भारतातल्या चित्त्याच्या अखेरच्या निश्चित नोंदींपैकी ही एक. १९५२मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. २०२२च्या सप्टेंबरात नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनोला आणावे लागले, ते त्यानंतर सत्तर वर्षांनी.

संपादक संतापले, पण ते शिकारीचे शत्रू नव्हते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ही संस्था १८८३मध्ये आठ जणांनी स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टर होते. तिच्या सुरुवातीच्या सभासदांत शिकारी पुष्कळ, आणि कोणते जनावर कुठे आढळते याची माहितीही बरीचशी त्यांच्याकडूनच येई. सालिम अली लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने मारलेली पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखून घ्यायला याच संस्थेत गेले होते. त्यांच्याबरोबर 'मुंबई व साष्टीतील पक्षी' ही लेखमाला लिहिणारे हुमायून अब्दुलअली स्वतः शिकारी होते, आणि १९५१च्या मुंबई राज्याच्या वन्यपशु-पक्षी संरक्षण कायद्याचा मसुदा करण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

मग या मंडळींचा राग कशावर? जुन्या शिकारीचे काही संकेत होते. परवाना घ्यायचा, ठरलेल्या हद्दीत आणि हंगामात शिकार करायची, मादी-पिल्ले सोडायची, जखमी जनावराचा माग काढायचा. ते सगळेच पाळत असे नाही. पण पायी हिंडणाऱ्याच्या चुकीला त्याच्या पायांचीच मर्यादा होती. झोतात नुसते डोळे दिसतात. नर की मादी, गाभण की पाडसाची आई, काही कळत नाही. जखमी जनावर अंधारात गेले की जीप पुढे निघते. साधन बदलले होते, संकेत मात्र जुन्याच साधनाला धरून होते.

कायद्यात आलेला दिवा

१९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा वाचताना हे स्पष्ट दिसते. त्यातील सतराव्या कलमात चाकांच्या वा यांत्रिक वाहनातून शिकार करायला मनाई होती. वाहनाने जनावरे उठवायला मनाई होती. सूर्यास्त ते सूर्योदय शिकारीला मनाई होती, आणि मोठ्या शिकारीत कृत्रिम प्रकाश वापरण्यावर बंदी होती. अपवाद केवळ खास परवान्याने, भक्ष्यावर परतणाऱ्या मांसाहारी जनावराचा. म्हणजे कायद्याने केवळ 'मारू नका' असे म्हटले नाही, तर जीप आणि दिवा यांचा वेगळा उल्लेख केला. १९९१च्या दुरुस्तीत हे कलमच गाळले गेले. कारण आता परवान्याची शिकारच उरली नव्हती, मग ती कशी करावी याचे नियम कशाला?

आज शिकारीच्या गुन्ह्यात वापरलेले वाहन जप्त होऊ शकते, अभयारण्यात परवानगीवाचून शस्त्र नेता येत नाही. गाडीच्या सजावटीवरही बंधने आहेत : पुढे लावायच्या लोखंडी गजांना, 'बुलबार'ना, केंद्र सरकारने २०१७मध्ये मोटार वाहन कायद्याविरुद्ध ठरवले, कारण ते पादचाऱ्याला अधिक इजा करतात.

तीच गाडी, दुसरे सामान

गंमत म्हणजे रानात आजही जीप आणि पिकअप लागतातच. मुलुंड, घाटकोपर किंवा अंधेरीच्या वस्तीत बिबट्या शिरला की बोरिवलीहून वनखात्याचे पथक निघते. हौद्यात पिंजरा असतो, जाळी, दोर, पाणी, औषधाची सुई झाडणारी बंदूक आणि प्रखर दिवाही असतो. चारही चाकांची ताकद तीच, झोत तोच, जनावराचा दिपलेला डोळाही तोच. बदलले आहे ते एवढेच, की आता जनावर जिवंत परत न्यायचे असते.

डोंगरदऱ्यांत हिंडण्यासाठी कोणी पहिली पिकअप घेत असेल तर त्यानेही सामानाची यादी याच नजरेने करावी. चांगली स्टेपनी आणि जॅक, ओढण्याचा पट्टा, फावडे, टायरची हवा मोजण्याचे साधन, जादा पाणी, प्रथमोपचाराची पेटी. यांतली एकही वस्तू रानाचे काही हिरावून घेत नाही. छतावरच्या प्रखर दिव्यांचे मात्र तसे नाही. ते कशासाठी, हा प्रश्न बसवण्याआधी स्वतःला विचारावा.

वर्गात करून पाहण्यासारखे : रात्री मांजर, कुत्रा किंवा म्हैस यांच्याकडे दुरून, मंद विजेरीने एकच क्षण पाहून डोळे चमकतात का, कोणत्या रंगाचे, याची नोंद मुलांनी करावी. माणसाचे डोळे तसे का चमकत नाहीत यावर चर्चा घ्यावी. वरचे बारा चौरस किलोमीटरचे गणित आपल्या गावाच्या क्षेत्रफळाला लावून पाहावे. आणि शेवटी एक प्रश्न फळ्यावर लिहावा : मासेमारीचे यांत्रिक जाळे, विंधण विहिरीचा पंप, झाडे कापण्याची यांत्रिक करवत, यांतल्या प्रत्येकाने कोणते जुने कुंपण मोडले, आणि त्याच्या जागी नवे कुंपण कोणी घातले?