गाळाचे दप्तर : ऱ्हाइन नदी, शेवाळ आणि जड धातू

१/ #थ्रेड
१ नोव्हेंबर १९८६. मध्यरात्र उलटून गेली होती. स्वित्झर्लंडमधील बासेल शहराजवळ श्वाइत्सरहाले येथे सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली. आत हजार टनांहून अधिक रसायने होती. आग विझवण्यासाठी मारलेले हजारो घनमीटर पाणी कीटकनाशके आणि पाऱ्याची संयुगे घेऊन ऱ्हाइन नदीत उतरले. नदीचे पाणी लाल झाले.

२/ तो लाल रंग एका रंगद्रव्याचा होता. जीव घेणारी द्रव्ये वेगळीच होती आणि ती डोळ्यांना दिसत नव्हती. पुढील काही दिवसांत शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात लाखाहून अधिक ईल मासे मेले. ऱ्हाइनच्या प्रदूषणाची कथा बहुधा याच रात्रीपासून सांगितली जाते. परंतु नदी त्या रात्री बिघडली नव्हती. तिच्या तळाशी शंभर वर्षांचा हिशेब आधीच साठून राहिला होता.

३/ ऱ्हाइन आल्प्स पर्वतात उगम पावते आणि सुमारे १,२३० किलोमीटर वाहून नेदरलँड्समध्ये समुद्राला मिळते. १८६० च्या दशकापासून तिच्या आणि तिच्या उपनद्यांच्या काठी रंगांचे व रसायनांचे कारखाने उभे राहिले. रूर खोऱ्यात कोळसा आणि पोलाद होते. कातडी कमावणे, धातूंवर मुलामा चढवणे, रंग बनवणे अशा प्रत्येक धंद्याच्या सांडपाण्याबरोबर जस्त, शिसे, क्रोमियम, कॅडमियम आणि पारा नदीत येऊ लागले.

४/ याच नदीच्या काठी, लुडविग्सहाफेनजवळच्या ओपाउ येथे, १९१३ मध्ये हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया बनवणारा जगातील पहिला मोठा कारखाना सुरू झाला. जगाच्या शेतीला कृत्रिम खताचा अखंड झरा मिळाला. पुढे तेच नायट्रोजन शेतांतून पावसाबरोबर वाहत नद्यांत उतरू लागले, आणि ऱ्हाइनही त्याला अपवाद राहिली नाही.

५/ दुसऱ्या महायुद्धानंतर कपडे धुण्याच्या पावडरींमधील फॉस्फेटची त्यात भर पडली. शहरांचे मैलापाणी तर होतेच. नायट्रोजन आणि फॉस्फरस ही वनस्पतींची पोषकद्रव्ये. ती पाण्यात वाजवीपेक्षा जास्त झाली की सूक्ष्म शैवाले बेसुमार वाढतात. या स्थितीला सुपोषण म्हणतात. शब्द शुभ वाटतो, परिणाम मात्र उलट होतो. मेलेले शैवाल कुजताना पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकते. १९७० च्या सुमारास ऱ्हाइनच्या खालच्या भागात मैलापाण्याच्या कुजण्यामुळे प्राणवायूची आधीच टंचाई होती.

६/ धातू आणि शेवाळ यांच्या दोन कथा येथे एकत्र येतात. शैवालाच्या पेशीचे बाह्य आवरण ऋण विद्युत्भाराचे असते, म्हणून धन भाराचे धातूचे कण त्याला चिकटतात. शिवाय भर उन्हात शैवाल पाण्यातील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते. त्यामुळे पाण्याची आम्लता घटते आणि अनेक धातू पाण्यात विरघळलेले राहू शकत नाहीत. ते तरंगत्या कणांवर बसतात आणि कणांबरोबर खाली जातात.

७/ यातून एक फसवे दृश्य निर्माण होते. शेवाळाने भरलेल्या नदीतले पाणी गाळून तपासले, तर त्यात विरघळलेला धातू कमी सापडू शकतो. तेवढाच धातू असंख्य पेशींत वाटला गेल्याने एकेका पेशीच्या वाट्यालाही थोडाच येतो. कागदावर नदी बरी दिसते. प्रत्यक्षात धातू नष्ट झालेला नसतो, त्याने फक्त मुक्काम हलवलेला असतो. शैवाल मरते, तळाशी बसते आणि त्याच्यासोबत धातूही गाळात जातो.

८/ मैलापाणी कालांतराने कुजून जाते. नायट्रोजनचा काही भाग जिवाणूंच्या कृपेने पुन्हा हवेत परततो. कॅडमियम मात्र कॅडमियमच राहते. प्राणवायू नसलेल्या गाळात ते गंधकाशी बांधले जाऊन स्वस्थ पडून असते. तो गाळ उपसला आणि त्याला हवा लागली की ही बांधणी सुटते आणि धातू पुन्हा पाण्यात येऊ शकतो.

९/ आणखी एक धागा फारसा सांगितला जात नाही. खतांसाठी जो फॉस्फेटचा दगड खाणीतून काढतात, त्यात मुळातच थोडे कॅडमियम असते. रॉटरडॅमजवळच्या खत कारखान्यांतून उरलेला जिप्सम कित्येक वर्षे जलमार्गात सोडला जात असे, आणि त्याबरोबर कॅडमियमही. म्हणजे शेवाळाला पोसणारे द्रव्य आणि गाळाला विषारी करणारा धातू, दोन्ही एकाच दगडातून आले होते.

१०/ हा सारा भार सोसला तो नदीच्या शेवटच्या टोकाने. पुरापासून बचाव करण्यासाठी डच अभियंत्यांनी १९७० मध्ये हारिंगव्लीट हे नदीमुख धरणाने बंद केले. पाणी संथ झाले आणि वरच्या देशांतून आलेला गाळ तेथेच बसू लागला. रॉटरडॅम बंदरातून तर दरवर्षी सुमारे २ कोटी घनमीटर गाळ उपसावा लागे. पूर्वी हा गाळ सखल जमिनी उंच करण्यासाठी वापरत. आता तो जमिनीवर टाकणेही धोक्याचे ठरले.

११/ अखेर १९८७ मध्ये समुद्रकाठी ‘स्लुफ्टर’ नावाचा प्रचंड खड्डा तयार झाला. विषारी गाळ कायमचा पुरून ठेवणे हे त्याचे एकमेव काम. प्रदूषण करणारे वरच्या अंगाला आणि खर्च करणारे खालच्या अंगाला, अशी ही विभागणी होती.

१२/ देश मात्र बोलत होते. १९५० मध्ये स्वित्झर्लंड, फ्रान्स, लक्झेंबर्ग, पश्चिम जर्मनी आणि नेदरलँड्स यांनी ऱ्हाइनसाठी आंतरराष्ट्रीय आयोग नेमला. १९६३ मध्ये त्याला कराराचा आधार मिळाला, १९७६ मध्ये रासायनिक प्रदूषणाविरुद्ध स्वतंत्र करार झाला. मोजमापे वाढली, अहवाल निघाले, पण अंमल संथ होता. वरच्या देशाने खालच्या देशासाठी पैसा का खर्चावा, हा प्रश्न सुटत नव्हता.

१३/ एक वाट न्यायालयातून निघाली. एका डच बागायती कंपनीचे पाणी फ्रान्समधील पोटॅशच्या खाणींनी सोडलेल्या मिठाने खारट झाले होते. १९७६ मध्ये युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला की नुकसान जेथे झाले, तेथील न्यायालयातही दावा लावता येईल. खटला मिठाचा होता, पण खालच्या काठाच्या हाती एक हत्यार आले. पुढे रॉटरडॅमने आपल्या गाळातील धातू नेमके कोठून येतात याचा वर वर जात माग काढला आणि दाव्याची तयारी ठेवून कारखान्यांशी वाटाघाटी केल्या.

१४/ १९८६ च्या आगीने उरलेली टाळाटाळ संपवली. १९८७ च्या कृती आराखड्यात उद्दिष्ट ठरले : प्रमुख प्रदूषके १९९५ पर्यंत निम्मी करायची आणि २००० पर्यंत सॅमन मासा नदीत परत आणायचा. सांडपाणी शुद्धीकरणाची केंद्रे वाढली. स्वित्झर्लंडने १९८६ मध्येच धुण्याच्या पावडरींतील फॉस्फेटवर बंदी घातली होती. फॉस्फरस घटला, शैवालांची वाढ आटोक्यात आली, पाण्यातील धातूही खूप कमी झाले. १९९० मध्ये झीग या उपनदीत सॅमन पुन्हा दिसला.

१५/ यश खरे आहे, पण ते वरच्या पाण्याचे आहे. हिरवे पाणी एका पिढीत निवळले, कारण पोषकद्रव्यांचा ओघ तोडता येतो. गाळातला धातू तसा तोडता येत नाही. हारिंगव्लीटच्या तळात नळी खुपसून गाळाचा उभा नमुना काढला, तर त्यात इतिहास थरांनी वाचता येतो : खाली १९७० च्या दशकातला सर्वांत मलिन थर, वर क्रमाने स्वच्छ होत गेलेले थर. कोणत्याही सरकारी दप्तराइतकीच ही नोंद पक्की आहे, आणि तिच्यात खाडाखोड करता येत नाही.

१६/ २०१९ पासून हारिंगव्लीट धरणाचे काही दरवाजे समुद्राच्या बाजूने येणाऱ्या माशांसाठी किंचित उघडे ठेवले जाऊ लागले. सॅमन त्या फटीतून आत शिरतो आणि उगमाच्या दिशेने निघतो. ज्या गाळावरून तो पोहत जातो, त्यात अर्ध्या शतकापूर्वीचे कॅडमियम अजून जागच्या जागी आहे. तो थर हलू न देणे हे आता नेदरलँड्सच्या प्रत्येक पिढीचे काम झाले आहे.