आम्ही सगळे शेख

चाकणच्या एका कारखान्यात आमच्या पाळीत पाचजण शेख. नव्या साहेबांनी विचारलं, "सगळे भाऊ-भाऊ का? मूळचे कुठले?"

शेख हा मुळात अरबी शब्द. अर्थ वडीलधारा, मानाचा माणूस. आडनाव एक असलं म्हणून कूळ एक नसतं. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या संत शेख महंमदांनी मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाणारे शाहीर अमर शेख (१९१६–१९६९) बार्शीचे. त्यांचं मूळ नाव तर मेहबूब हुसेन पटेल! दोघांचं नातं रक्ताचं नाही, मराठीचं आहे.

साहेबांना म्हणालो, "मी जुन्नरचा. बाकीच्यांना त्यांचं त्यांचं गाव विचारा. उत्तर मराठीतच मिळेल."