गावच्या हायस्कूलला नवीन इमारत बांधायचीय? जागा, आराखडा, निधी आणि हिशेबाची सगळी माहिती

गावात हायस्कूलच्या नव्या इमारतीचा विषय निघाला की ग्रामसभेत पहिला प्रश्न ठरलेला असतो, पैसा कुठून आणायचा? कुणी आमदारांचं नाव काढतं, कुणी पुण्या-मुंबईला असलेल्या गाववाल्यांचं. तिथंच वर्गणीची यादी सुरू होते. पण कामं नुसती पैशावर अडत नाहीत, कागदावरही अडतात. सातबारा कुणाच्या नावावर, नकाशा मंजूर आहे का, इमारत झाल्यावर मालक कोण, हे ठरायच्या आधीच नारळ फुटला तर पुढं सरकारी निधी त्या कामाला मिळणं अवघड होतं. कॉलमचे गज गंजत उभे असलेले शाळांचे सांगाडे आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिले असतील. तसं होऊ नये म्हणून काय कशाच्या आधी करायचं, ते इथं क्रमानं देत आहोत.

शाळा कुणाची, ते आधी बघा

शाळा जिल्हा परिषदेची किंवा नगरपरिषदेची असेल तर वाट वेगळी आणि खासगी अनुदानित संस्थेची असेल तर वाट वेगळी. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, पण तो पहिली ते आठवीपुरता आहे. नववी-दहावी त्यात येत नाही. माध्यमिक शाळांसाठी केंद्राने २००९ मध्ये राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियान सुरू केलं. २०१८-१९ पासून ते समग्र शिक्षा योजनेत मिसळलं. या योजनेत आपल्या राज्यासाठी केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो. वर्गखोल्यांचा पैसा मात्र सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांसाठीच असतो.

आपल्याकडे खेड्यातली बरीच हायस्कुलं खासगी अनुदानित संस्थांची आहेत. तिथं शासन शिक्षकांचा पगार देतं, थोडंफार वेतनेतर अनुदानही देतं, पण इमारत उभी करायची जबाबदारी संस्थेची. "शाळा अनुदानित आहे म्हणजे इमारत सरकार बांधेल" ही समजूत चुकीची आहे. गावाने हे पहिल्याच बैठकीत समजून घेतलं तर पुढचा वेळ वाचतो.

जुनी इमारत : दुरुस्ती की पाडायची?

हा निर्णय सरपंचाने किंवा मुख्याध्यापकाने नजरेनं करायचा नाही. तज्ज्ञ अभियंत्याकडून संरचनात्मक तपासणी, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट, करून घ्या. २५ जुलै २०२५ ला राजस्थानातल्या झालावाड जिल्ह्यात पिपलोदी गावच्या शाळेची इमारत कोसळून ७ मुलं गेली. १६ जुलै २००४ ला तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत आग लागून ९४ मुलांचा जीव गेला. त्या प्रकरणानंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितलं, की सुरक्षित शाळा हा मुलांच्या शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे. त्यामुळे "अजून दोन पावसाळे निघतील" असं कुणी म्हणालं तर ते अभियंत्याकडून लेखी मागा.

जिल्हा परिषदेची खोली धोकादायक ठरली तरी ती परस्पर पाडता येत नाही. त्यासाठी निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवून मंजुरी घ्यावी लागते. तोवर मुलांना त्या खोलीत बसवू नका. समाजमंदिर, ग्रामपंचायतीचा हॉल किंवा सकाळ-दुपार दोन सत्रं अशी तात्पुरती सोय करा.

जागेचा कागद पक्का करा

एखादा शेतकरी दिलदारपणे म्हणतो, "घ्या माझी वीस गुंठे." त्याच्या शब्दावर कुणाचाही विश्वास असतो. पण उद्या वारस उभे राहिले की तोंडी दान कोर्टात टिकत नाही. स्थावर मालमत्तेचं बक्षीसपत्र दुय्यम निबंधकाकडं नोंदवावंच लागतं. त्यानंतर फेरफार होऊन सातबाऱ्यावर शाळेचं, संस्थेचं किंवा जिल्हा परिषदेचं नाव लागलं पाहिजे. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दीच्या खुणा रोवून घ्या. शाळेपर्यंत जायचा रस्ता दुसऱ्याच्या बांधावरून जात असेल तर तोही कागदावर आणा.

गायरान डोळ्यासमोर असेल तर नुसता ग्रामपंचायतीचा ठराव पुरत नाही. गायरान जमीन शासनाची असते, म्हणून प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडं जातो. २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर गावच्या सामायिक जमिनींबाबत नियम कडक झालेत. आधी बांधून नंतर नियमित करून घेऊ, या भरवशावर राहू नका.

जागा बघताना पावसाळ्यात एकदा प्रत्यक्ष जाऊन या. पाणी साठतं का, ओढ्याचा फुगवटा येतो का, वरून विजेची मोठी लाईन जाते का, हे तेव्हाच कळतं. काळ्या मातीत पाया घालायचा तर खर्च वाढतो. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि भिंतींना तडे जातात. म्हणून खड्डे घेऊन मातीची तपासणी करा आणि मगच अंदाजपत्रक बनवा.

किती खोल्या? हिशेब असा मांडा

आजचा पट बघून इमारत बांधू नका. आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरच्या प्राथमिक शाळांत तिसरी ते सातवीपर्यंत किती मुलं आहेत ते मोजा. पुढच्या पाच वर्षांत हायस्कुलात येणारी मुलं तीच. त्यातली किती तालुक्याच्या गावी जातात तेही धरा.

आठवी ते दहावी, प्रत्येकी दोन तुकड्या म्हणजे ६ वर्गखोल्या. वर्गखोली २० बाय २५ फूट धरली तर ५०० चौरस फूट. समोर ८ फुटांचा व्हरांडा धरला तर आणखी २०० चौरस फूट. एका खोलीमागं ७०० याप्रमाणे ६ खोल्यांचे ४,२०० चौरस फूट झाले. समजा बांधकामाचा दर चौरस फुटाला २,००० रुपये धरला, तर एक खोली १४ लाखांची आणि सहा खोल्या ८४ लाखांच्या. हा दर फक्त हिशेब समजण्यासाठी धरला आहे. खरं अंदाजपत्रक सार्वजनिक बांधकाम विभागाच्या चालू दरसूचीवर अभियंताच काढेल.

यात प्रयोगशाळा, कार्यालय, मुलामुलींची वेगळी शौचालयं, पिण्याचं पाणी, दिव्यांग मुलांसाठी उतार, वीज आणि कुंपण धरलेलं नाही. यादीत हे शेवटी टाकलं की पैसे संपतात आणि शौचालय राहून जातं. ते पहिल्याच टप्प्यात घ्या. पुढं मजला चढवायचा विचार असेल तर पाया आणि कॉलम आत्ताच तेवढ्या वजनाचे घ्यावे लागतात, नंतर ते जमत नाही.

निधीच्या वाटा

समग्र शिक्षा : शाळा सरकारी असेल तर पहिली वाट हीच. मागणी यू-डायस प्लसच्या माहितीवर तपासली जाते. या माहितीत मोडकी खोली "चांगली" म्हणून भरली असेल तर कागदावर तुमच्या शाळेला खोलीची गरजच दिसत नाही. शाळा व्यवस्थापन समितीने ही माहिती दरवर्षी मुख्याध्यापकांकडून वाचून घ्यावी.

जिल्हा नियोजन समिती : पालकमंत्री हिचे अध्यक्ष असतात. शाळा दुरुस्ती आणि वर्गखोल्यांसाठी जिल्हा वार्षिक योजनेतून निधी मिळतो. प्रस्ताव शिक्षण विभागामार्फत जातो. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपतं, म्हणून जागेचा उतारा, ठराव, अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यता आधीच तयार हवी. मार्चमध्ये उरलेला निधी तयार फाईललाच मिळतो.

आमदार-खासदार निधी : खासदाराला वर्षाला ५ कोटी आणि आपल्या राज्यात आमदारालाही ५ कोटींचा स्थानिक विकास निधी असतो. लोकप्रतिनिधी फक्त शिफारस करतात. मंजुरी जिल्हाधिकारी कार्यालयातून होते आणि काम ठरवून दिलेली सरकारी यंत्रणा करते. पैसा गावाच्या हातात येत नाही. खासगी संस्थेच्या शाळेसाठी वेगळ्या अटी आणि मर्यादा आहेत, त्या आधी विचारून घ्या.

कंपन्यांचा सीएसआर : कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यातलं काहीही एक असलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. शिक्षण त्यात बसतं. ही रक्कम संस्थेमार्फत घ्यायची तर त्या संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते. एमआयडीसी जवळ असलेल्या गावांनी ही वाट जरूर बघावी.

कर्ज : नोंदणीकृत न्यासाला कर्ज काढायचं तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. परवानगीविना विश्वस्तांनी परस्पर सही करू नये.

लोकवर्गणी : महाराष्ट्रातलं माध्यमिक शिक्षण यावर वाढलंय. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. १९४० मध्ये साताऱ्यात संस्थेचं पहिलं हायस्कूल सुरू झालं. तेव्हाही सरकारच्या पैशाची वाट बघत कुणी बसलं नव्हतं.

वर्गणीचा हिशेब

वर्गणी कुणाच्या खासगी फोन पे नंबरवर घेऊ नका. संस्थेच्या नावाचं वेगळं बँक खातं, दोन सह्या, प्रत्येकाला छापील पावती. आयकरात देणगीची सूट हवी असेल तर संस्थेकडं तशी नोंदणी हवी, देणगीदार जुन्या करपद्धतीत हवा, आणि २,००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीला सूट नाही. कुणी ट्रॅक्टर दिला, कुणी मुरूम टाकला, कुणी चार दिवस श्रमदान केलं, तर त्याचीही किंमत लावून नोंद करा. दर महिन्याला जमा-खर्च शाळेच्या फळ्यावर लिहा आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. एकदा हिशेबावरून कुजबुज सुरू झाली की पुढची वर्गणी थांबते.

काम सुरू झाल्यावर लक्ष कुठं ठेवायचं

अंदाजपत्रकाची एक प्रत शाळेत ठेवा. कामाचं नाव, रक्कम, ठेकेदार आणि मुदत लिहिलेला फलक लागला का ते बघा. काँक्रीटचे ठोकळे भरून २८ दिवसांनी प्रयोगशाळेत दाबून बघतात, तो अहवाल मागा. स्लॅबवर पाणी मारणं साध्या सिमेंटला निदान ७ दिवस आणि राख किंवा स्लॅग मिसळलेल्या सिमेंटला निदान १० दिवस चाललं पाहिजे. हे काम गावातली माणसं पाळी लावूनही करू शकतात. बिल मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदीवर निघतं. सरकारी निधीचं काम असेल तर या नोंदी माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज करून मागता येतात, उत्तराची मुदत ३० दिवस. इमारत ताब्यात घेताना दोष दायित्व कालावधी किती ते लेखी घ्या. त्या मुदतीत स्लॅब गळला तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते.

टप्पे पाडा

एकदम दहा खोल्यांचा पाया घालून थांबण्यापेक्षा पूर्ण नकाशा मंजूर करून घ्या आणि पहिल्या टप्प्यात दोन खोल्या, मुलींचं शौचालय आणि पाणी एवढं पूर्ण करून वापरात आणा. हायस्कूल लांब असलं, एसटीची वेळ जमत नसली किंवा शाळेत शौचालय नसलं की आधी मुलीचं नाव कमी होतं, मुलाचं नंतर. दोन खोल्या सुरू झाल्या तर यंदा आठवीला जाणारी मुलगी गावातच शिकेल. आणि पुढच्या टप्प्यासाठी आमदाराकडं, कंपनीकडं किंवा मुंबईच्या गाववाल्याकडं गेलात, तर दाखवायला फोटो असेल, हिशेब असेल आणि भरलेला वर्ग असेल.